चौथं रीळ

डबा उघडला तेव्हा वास आला
आंबलेल्या लोणच्याचा.
यासीनचाचा म्हणाले, मर गई बेटा,
और तू उसकी उमर पूछ रा.

जालन्यात, मोंढ्यामागे, सरकीच्या गोदामात
तीस उन्हाळे पत्र्याखाली शिजत पडली होती
‘बारवेची सून’.
अंबडकडच्या बारवेत बावीस रात्रींत काढलेली,
भाड्याच्या जनरेटरवर.
टॉकीजला दीड आठवडा.
मग तंबूतून, जत्रांमधून, अकरा वर्षं.
बायका पदर तोंडात धरून बघायच्या,
पुढच्या साली धाकट्या जावेला घेऊन यायच्या.

सेकंदाला चोवीस चौकटी.
मी दिवसाला दोनशे पुसायचो, म्हणजे आठ सेकंद,
डोळे बरे असले तर.
भूत बारवेच्या पायऱ्या चढून वर येतं ना,
त्याला अख्खं नवरात्र लागलं.
कुठलं शेवाळ बारवेचं
आणि कुठली बुरशी रिळाची
हे चाचांना विचारून ठरवायचो.
एकदा न विचारता पुसलं.
शेवटच्या पायरीशी पाण्यावर एक डाग होता.
तो पाण्याचाच होता.
आता नाही.

चौथ्या रिळाचं चित्र वाचलं, आवाज गेला.
नुसती खरखर, भाकरी करपल्यासारखी.
महिनाभर हात टेकून बसलो.
मग चाचांनी पत्र्याच्या पेटीतून कॅसेट काढली,
कापडात बांधलेली.
घरच्यांना तंबूत यायची मनाई होती तेव्हा,
म्हणून त्यांनी मशीनपाशी बसून अख्खी फिल्लम टेप केली होती,
रात्री घरी नेऊन ऐकवली होती.
उसने कानांसे देखी, म्हणाले,
और मुझसे जास्ती डरी.

तोच आवाज बसवला.
शिट्ट्या, खोकला, मागे जनरेटर,
शेंगा फोडल्याचा कुरकुर आवाज.
काढता आलं असतं. नाही काढलं.

पाचशे प्रती. प्रत्येकीवर शाईनं आकडा,
काळी पेटी, आत पुस्तिका, बारवेचा नकाशा.
कोल्हापूर, बेळगाव, एक तर थेट लिस्बनला गेली.
तिथला माणूस बारव या शब्दाचा अर्थ विचारतो.

सात नंबर द्रौपदीबाई टेकाळ्यांना दिली.
भूत त्याच झाल्या होत्या, एकोणीसाव्या वर्षी,
बावीस रात्रींचे अडीचशे रुपये.
आता घनसावंगीच्या वाटेवर दोन एकर मोसंबी.
पेटी उलटसुलट करून म्हणाल्या,
मपलं थोबाड एवढं गोरं कुठं होतं रे?
घरात मशीन नाही. मी मोबाइलवर दाखवलं.
पायऱ्या चढताना बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
तव्हा पायात काच गेली होती. म्हणून तशी चाल.
आणि मी वाचलं होतं, कोणीतरी लिहिलंय
त्या चालीवर चार पानं.

पुढच्या खेपेला गेलो तर
तबकडी सुतळीनं झाडाला टांगलेली,
वाऱ्यावर फिरत, उन्हाचा कवडसा फेकत.
पाखरं येत नाहीत, म्हणाल्या.
पेटीत त्यांनी शिवणाच्या सुया ठेवल्या होत्या.

काल पुण्याहून फोन. प्रत तीनशे बारा.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, म्हणाले,
भूत तोंड वळवतं, सगळं चिडीचूप होतं,
आणि एक बाई ओरडते,
अगं सगुणा, लेकरू उठलं तुपलं!
ही सगुणा कोण? कथेत तर नाही.
पात्रयादीतही नाही.
त्यांनी तीनदा मागे नेऊन ऐकलं होतं.

चाचांना विचारलं. जत्रा कुठली तेच आठवेना.
परतूर असेल, नाही तर मंठा.
द्रौपदीबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली,
मग बराच वेळ मोसंबीकडे बघून म्हणाल्या,
म्हणजे मपलं तोंड वळलं आन्
ती उठून गेली व्हय?

दुसऱ्या आवृत्तीचं ठरलं तर
पुस्तिकेचं शेवटचं पान पुन्हा छापायचंय.
भूत, सासू, पाटील, तराळ, पुजारी,
खाली एक ओळ:
सगुणा.
समोर टिंबं टिंबं, आणि नाव कोरं.